पाय मोडलेला म

कोविडच्या साथीत, २०२० च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या शाळा उघडल्या त्या 'बबल' घेऊन. एक वर्ग, किंवा अख्खी इयत्ता, म्हणजे एक बबल. त्यातली मुलं एकत्र बसणार, एकत्र जेवणार, एकत्र खेळणार. शेजारच्या बबलमधल्या मैत्रिणीला लांबूनच हात हलवायचा. वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या आणि मुलं अंगात कोट घालून बेरजा करतायत. घरी वाचायला दिलेलं पुस्तक परत आलं की ते आधी दोन दिवस बाजूला ठेवायचं, मगच दुसऱ्या मुलाच्या हातात द्यायचं. पुस्तकांनाही क्वारंटाईन होतं. आणि बबलमधल्या एकाची टेस्ट पॉझिटिव्ह आली की बाकी सगळे चौदा दिवस घरी. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याला 'बबल फुटला' म्हणायचे. सप्टेंबरपासून एकेका इयत्तेचे फुटतच होते. आमच्या मनूचा फुटला नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन दिवाळीच्या तोंडावर. ती तेव्हा दुसरीत होती. आम्ही राहतो रेडिंगला, लंडनच्या पश्चिमेला.

शाळेची ईमेल मी दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाचून माझा विश्वास बसला नाही. घरात बसायचं होतं ते फक्त मनूने. तिला लक्षणं नसतील तर आई-बाप मोकळे. संपर्कात आलेल्या माणसाच्या संपर्कात आलेल्यांना मोजत नव्हते. माझी बायको सरकारी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. म्हणजे जी दिवसभर आजारी माणसांचे नमुने हाताळते तिने सकाळची बस पकडून खुशाल कामावर जायचं, आणि जी एका पोराच्या दोन टेबलं पलीकडे बसून चित्र रंगवत होती तिने मात्र फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. व्यायामासाठीसुद्धा नाही. घरामागची बाग असेल तर तेवढीच हवा. संपर्कातली माणसं शोधणाऱ्या ट्रेसिंगवाल्यांचा फोन आला असेल तर हे सगळं २८ सप्टेंबरपासून कायद्याने बंधनकारक होतं, दंड हजार पौंडांपासून पुढे, आणि मूल लहान असेल तर जबाबदार पालक.

"म्हणजे फक्त मीच जेलमध्ये?" मनूने विचारलं.

कागदोपत्री तसंच होतं. प्रत्यक्षात जेलर हाही कैदीच असतो. मी सॉफ्टवेअरवाला, मार्चपासून बेडरूमच्या टेबलावर ऑफिस थाटून बसलेला. मला बाहेर जायची मुभा होती, पण सात वर्षांच्या पोरीला एकटं टाकून जाणार कुठे? इथल्या कायद्यात मूल अमुक वयापर्यंत एकटं ठेवू नये असा आकडा नाही. ठेवल्याने त्याला धोका झाला तर मात्र गुन्हा. भारतात असतो तर समोरच्या काकूंना हाक मारली असती. इथे समोरचे काका-काकू कोण, हे पाच वर्षांत कळलेलं नव्हतं, आणि कळलं असतं तरी त्या दिवसांत दुसऱ्याचं मूल घरात घेणं कुणाला शक्य होतं?

तरी आमचं बरं होतं. मनूच्या वर्गातल्या एका मुलीची आई वृद्धाश्रमात काम करायची, तासावर पगार. ती एकटी आहे. मुलगी घरी म्हणजे ती घरी, आणि ती घरी म्हणजे पगार नाही. विलगीकरणात काम बुडणाऱ्या कमी उत्पन्नाच्या लोकांना सरकार पाचशे पौंड देत होतं, पण ज्याला स्वतःला घरी बसायला सांगितलंय त्याला. तिला कुणीच घरी बसायला सांगितलं नव्हतं ना! मुलांसाठी घरी राहणाऱ्या पालकांना ती मदत लागू झाली पुढच्या वर्षी मार्चमध्ये. तिने ग्रुपवर एकच ओळ टाकली होती, कुणाकडे जास्तीची रंगीत पेन्सिल आहे का. मी माझ्या कंपनीतल्या 'लवचीक वेळां'बद्दल तक्रार करणारा मेसेज अर्धा टाइप केला होता, तो पुसला.

मार्चमधला लॉकडाऊन आम्ही काढला होता, पण तो सगळ्या देशाचा होता. रस्ते रिकामे, खिडक्याखिडक्यांत मुलांनी काढलेली इंद्रधनुष्यं, गुरुवारी रात्री आठला दारात उभं राहून टाळ्या, आणि सकाळी नऊला जो विक्स नावाचा तो केसाळ, अफाट उत्साही माणूस यूट्यूबवर देशभरच्या पोरांना उड्या मारायला लावायचा. नोव्हेंबरातही देशात दुसरा लॉकडाऊन चालूच होता, पण शाळा चालू ठेवल्या होत्या. त्यामुळे सकाळी साडेआठला आमच्या खिडकीखालून दुसऱ्या इयत्तांची पोरं दप्तरं नाचवत जायची आणि मनू काचेला नाक लावून ती मोजायची. सगळ्यांबरोबर कोंडून घेणं वेगळं आणि जग चालू असताना आपण एकट्याने बसणं वेगळं. पहिल्या दिवशी ती यावर रडली. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की या घरात कायदा ज्याच्यासाठी आहे असं माणूस फक्त तीच आहे, आणि मग तिने त्याचा यथेच्छ वापर सुरू केला. "मी क्वारंटाईनमध्ये आहे, मला दुसरं बिस्किट मिळायला पाहिजे."

त्या वर्षी २२ ऑक्टोबरपासून घरी बसवलेल्या मुलांना शाळेने शिकवलंच पाहिजे असा सरकारी आदेश निघाला होता. आमच्या शाळेने दिवसातून दोन व्हिडिओ तास ठेवले, बाकी वर्कशीटं. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, मी पलीकडच्या बेडरूममध्ये. मधली भिंत इथल्या पद्धतीची, म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेला प्लास्टरबोर्ड. त्या भिंतीतून शिंक तर सोडाच, सुस्कारासुद्धा ऐकू येतो.

आणि त्या भिंतीतून मला दुसरीच मुलगी ऐकू यायला लागली.

घरातली मनू सकाळी उठल्यापासून बोलते. दुसऱ्याचं वाक्य तोडते, उत्तर माहीत नसलं तरी ठणकावून सांगते, हरली तर खेळाचे नियम बदलते. भिंतीपलीकडची मुलगी थांबत होती. पडद्यावर पंचवीस-तीस चौकोन, त्यातले निम्मे म्यूट करायचं विसरलेले, कुणाचा कुत्रा, कुणाची आजी, एक मुलगा कॅमेऱ्यापुढे दात दाखवतोय, आणि ही हात वर करून बसलेली. सरळ हात नव्हे. कोपर टेबलावर, दुसऱ्या हाताने त्या हाताला आधार दिलेला, म्हणजे बराच वेळ वाट पाहायची तयारी. बाईंनी नाव घेतलं की एक बारीक, स्वच्छ आवाज यायचा: "आय थिंक इट माइट बी…"

माइट बी! सत्तावन्न आणि चाळीस सत्त्याण्णव होतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाच मिनिटांपूर्वी तिने तेच मला 'बाबा, किती सोप्पं आहे' म्हणून सांगितलं होतं. पण तिथे ते 'असावं बहुधा' असं मखमलीत गुंडाळून पुढे सरकवायचं. हे तिला कुणी शिकवलं? आम्ही तर नाही. आमच्या घरात जो आधी आणि मोठ्याने बोलतो त्याचं खरं, ही सांगलीची रीत इथेही जशीच्या तशी चालू आहे. मी दाराच्या फटीतून पाहिलं, तर तिचा चेहराही वेगळा होता. भुवया थोड्या वर, ओठ मिटलेले, दुसरं कुणी बोलत असताना मान हलवतेय. एखाद्या ऑफिसातल्या मीटिंगला बसलेली बाई.

दोन वर्षं मी तिला रोज शाळेच्या फाटकापर्यंत सोडत होतो. इथे पालकाचं राज्य फाटकाशी संपतं. आत काय होतं ते विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काही नाही." वर्षातून दोन-तीनदा शिक्षकांबरोबर दहा मिनिटं भेट, तिथे 'शी इज अ जॉय टु हॅव' हे वाक्य, जे मला वाटतं ते सगळ्यांच्याच मुलांबद्दल बोलतात. एवढ्या भांडवलावर मी समजत होतो की मला माझी मुलगी माहीत आहे.

ही चोरून ऐकण्याची मजा मला दोन-तीन दिवस एकट्याला पुरली असती. पण भिंतीला दोन बाजू असतात.

गुरुवारी जेवताना मनू अचानक म्हणाली, "बाबा, तू फोनवर वेगळा बोलतोस."

"वेगळा म्हणजे?"

तिने चमचा खाली ठेवला, मान जरा तिरकी केली, आणि माझ्या आवाजात, माझ्या त्या ऑफिसच्या आवाजात, म्हणाली, "या, या, या. ॲब्सोल्यूटली. नो वरीज ॲट ऑल." आणि मग ती हसली. तिचं हसू नव्हतं ते. आमचा मॅनेजर पावसावरून विनोद करतो तेव्हा मी जे हसतो, दोन टप्प्यांचं, आधी नाकातून आणि मग तोंडातून, ते हुबेहूब. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसलो. रात्री मात्र बराच वेळ ते डोक्यातून गेलं नाही. आपण परक्या देशात कसे वागतो हे आपलं आपल्याला दिसत नाही, आणि ज्यांना दिसतं ते इथले लोक. त्यांना आपण घरी कसे असतो ते माहीत नसतं, त्यामुळे फरक कळायचा प्रश्न नाही. दोन्ही पाहिलेलं माणूस सात वर्षांचं निघालं.

"तू पण वेगळी बोलतेस," मी दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं. "माइट बी, माइट बी."

"ते स्कूल व्हॉइस आहे," ती म्हणाली. त्यात तिला काहीच विशेष वाटलं नाही. कोट घालावा तसा आवाज घालायचा, घरी आल्यावर काढून ठेवायचा. माझ्या नावालाही तिने मग 'बाबाचा ऑफिस व्हॉइस' अशी नोंद करून विषय मिटवला.

आता फोनिक्सबद्दल, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवायच्या इथल्या पद्धतीबद्दल सांगतो, कारण या दोन आठवड्यांत माझी खरी शाळा तिथे झाली.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या मुलांची एक छोटी तोंडी चाचणी होते. चाळीस शब्द वाचायचे, त्यातले वीस खरे आणि वीस चक्क निरर्थक. निरर्थक शब्दाशेजारी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाला कळावं की हे कुणाचं तरी विचित्र नाव आहे, अर्थ शोधू नये. मुलं त्यांना 'एलियन वर्ड्स' म्हणतात. कारण सरळ आहे: खरा शब्द मूल आठवणीने किंवा अंदाजाने ठोकून देऊ शकतं, खोटा शब्द वाचायचा तर अक्षरांचे आवाज जोडताच यायला हवेत. २०२० च्या उन्हाळ्यात ही चाचणी झाली नाही, म्हणून ती दुसरीत गेलेल्या मुलांची त्याच वर्षी दिवाळीनंतर घ्यायची ठरलेली. त्यामुळे बाईंनी घरी बसलेल्या सगळ्यांना रोजचा सराव पाठवला होता.

आपण देवनागरीत वाढलेली माणसं. लिहिलंय तसं वाचायचं, वाचलंय तसं लिहायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भांडणं सोडली तर आपल्या लिपीत फसवाफसवी फार नाही. निरर्थक शब्द वाचता येतो का, हा प्रश्नच आपल्याकडे कुणाला पडत नाही. बाराखडी आली की कुठलाही शब्द वाचता येतो, अर्थ लागो न लागो. मला वाटलं, हे तर किरकोळ आहे. बसलो शिकवायला.

"म," मी म्हटलं, एम या अक्षरावर बोट ठेवून.

"नाही बाबा. म नाही."

"मग?"

तिने ओठ घट्ट मिटले आणि भुंग्यासारखा आवाज काढला. "म्म्म्म्."

"तेच म्हणतोय मी. म."

"तू म-अ म्हणतोयस. मिस म्हणतात, म-अ म्हटलं की ब्लेंड होत नाही." मग तिने करून दाखवलं. मॅप हा शब्द माझ्या पद्धतीने: मअ, ॲ, पअ. जोडला की होतो 'मअॅपअ'. असा नकाशा जगात कुठे नसतो. तिच्या पद्धतीने: म्, ॲ, प्. मॅप.

मी गप्प झालो. ती अक्षरशः बरोबर होती. आपला 'म' एकटा नसतोच. त्याच्या पोटात 'अ' बसलेला असतो. आपल्याला तो ऐकूच येत नाही, इतका तो आत मुरलेला. बालवाडीपासून 'क कमळाचा' म्हणत आलेल्या जिभेला नुसता क् काढायचा म्हणजे कसरत. शाळेने पालकांसाठी एक छोटा व्हिडिओही पाठवला होता, त्यात एक बाई अत्यंत गंभीर चेहऱ्याने त्, प्, स्, म् असे आवाज काढून दाखवत होत्या. म्हणजे इंग्रज आई-बापांनाही हे शिकवावं लागत होतं, याचा मला जरा आनंद झाला.

मग मी कागद घेतला आणि तिला मोठा म काढून दाखवला. "हा आपला म. आणि तुझ्या मिसचा म असा." खाली तिरकी रेघ मारली. म्.

"ती रेघ काय आहे?"

"याचा पाय मोडलाय. आपण याला पाय मोडका म म्हणतो."

मनूचे डोळे चमकले. मराठी अक्षरांकडे ती त्याआधी दात घासण्याच्या उत्साहाने पाहायची. पण पाय मोडलेलं अक्षर म्हणजे बातमीच. तिने लगेच त्याला प्लास्टर काढलं. मग क चा पाय मोडला, त्याला कुबडी. ट चा मोडला. संध्याकाळपर्यंत सोफ्याखाली अक्षरांचा दवाखाना निघाला: कागदाच्या चिठ्ठ्यांवर जखमी व्यंजनं, प्रत्येकाच्या अंगावर टिश्यूचं पांघरूण. आई लॅबमधून आली तेव्हा तिला दारातच अडवून सांगण्यात आलं, "ळ ची कंडिशन सीरियस आहे." बायकोने हात धुतले, बूट काढले, आणि मास्क न काढताच राउंडवर गेली. ख ला ताप निघाला. ज्ञ ला वेगळ्या वॉर्डात ठेवलं, कारण तो नक्की कोणकोणाचा मिळून झालाय यावर डॉक्टरांत एकमत होईना. ते व्याकरणकारांतही नाही, पण ते मी बोललो नाही.

गणितात मात्र आमचं जमलं नाही. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे तर मी म्हणणार दोनातून सात जात नाहीत, शेजारच्या पाचाकडून एक दशक उसना घे. ती म्हणणार नंबर लाइन काढ, सत्तावीसवरून तीसवर उडी, तिथून पन्नासवर, तिथून बावन्नवर. उत्तर तेच. पण माझं उसनं घेणं तिला लबाडी वाटायचं आणि तिच्या उड्या मला वेळकाढूपणा. तो विषय आईकडे सोपवला.

आणि मधेच दिवाळी. त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, शनिवारी १४ नोव्हेंबरला. एरवी मंडळाचा कार्यक्रम असतो, हॉल भाड्याने घेऊन. लोक फराळ आणतात, मुलं नाचतात, कुणीतरी माईकवर जास्त बोलतं. त्या वर्षी मंडळ झूमवर गेलं होतं. आमच्या दिवाळीचा पहिला कार्यक्रम मात्र शाळेनेच केला. शुक्रवारच्या तासाला बाईंनी रांगोळीचं चित्र दाखवलं आणि रामायण सांगितलं: राम-सीता वनवासातून परत आले, लोकांनी दिवे लावले. त्याच दिवशी 'चिल्ड्रन इन नीड'ही होतं, म्हणजे ठिपक्यांचे कपडे घालून गरजू मुलांसाठी पैसे गोळा करायचा दिवस, त्यामुळे अर्धी पोरं ठिपक्यांचे कपडे घालून बसलेली, आणि ठिपकेवाल्या फ्रॉकमधल्या मनूने मला येऊन दिवाळी समजावून सांगितली.

"पण आपल्याकडे नरकासुराची गोष्ट सांगतात," मी म्हटलं. "आणि बळीराजाची. आणि किल्ला करतात."

"कुठला किल्ला? राम फोर्टमध्ये राहायचा?"

"राम नाही. महाराज."

"मग मिसनी का नाही सांगितलं?"

भारत किती मोठा आहे, हे सात वर्षांच्या मुलीला सांगायला किल्ल्याइतकं सोयीचं काही नाही. तो आम्ही तसाही करायला घेतलाच होता. मागची बाग म्हणजे दहा पावलांची हिरवळ आणि कुंपणालगत मातीचा पट्टा. नोव्हेंबरातली इथली माती चिकट आणि गार. हात कोपरापर्यंत बधिर होतात. सव्वाचारला अंधार, म्हणून काम माझ्या जेवणाच्या सुट्टीत. बुरूज, दरवाजा, एक विहीर. मावळे लेगोचे. सिंहासनावर बसवायला महाराज नव्हते, तेव्हा तिने तिच्या पेटीतला एक चिलखतवाला सरदार बसवला. व्हिडिओ कॉलवर आईने, म्हणजे माझ्या आईने, चष्मा सारखा करून बघितलं आणि सांगलीहून गरजली, "हा कोण गोरा बसवलायस रे तिथं?"

किल्ल्यावरच्या हिरवळीचा प्रश्न तर शाळेनेच सोडवला. विज्ञानाचं वर्कशीट होतं: ओल्या कापसावर बी पेरा आणि रोज काय दिसतं ते लिहा. शाळेने सुचवलेलं बी होतं क्रेस. इथली प्रत्येक प्राथमिक शाळा हे करते. अंड्याच्या कवचात कापूस घालून क्रेस उगवतात, वर आलेली पानं म्हणजे अंड्याचे केस. पाकिटावरचं चित्र बघता बघता माझ्या लक्षात आलं, अहो, हे तर अळीव! मी स्वयंपाकघरातली बरणी काढली, लाडवांसाठी आणलेली. तांबूस, बारीक, पाणी लागलं की बुळबुळीत होणारं तेच बी. लहानपणी किल्ल्यावर आम्ही तेच फेकायचो, चार दिवसांत डोंगर हिरवा. मनूने ताटलीत कापूस पसरला, अळीव पेरले, हीटरजवळ ठेवले आणि रोज वहीत नोंद केली. शनिवारी सकाळी ते हिरवे कापूस उचलून आम्ही बुरुजांवर पांघरले. बाहेरच्या थंडीत तिथे उगवायला त्यांनी संक्रांत गाठली असती. शाळेला फोटो पाठवला तेव्हा बाईंचं उत्तर आलं, 'व्हॉट अ लव्हली हॅबिटॅट!' त्यांना अंड्याची अपेक्षा होती.

पहाटे अभ्यंगस्नान झालं. पायाखाली फोडायला कारीट कुठून आणणार? ब्रसेल्स स्प्राउट घेतला. छोटा, हिरवा, इथल्या निम्म्या मुलांच्या मते कडूच. मनूने टाच मारून तो फोडला आणि नरकासुर मेल्याचं जाहीर केलं.

तिच्या वर्गाला तेव्हा लंडनची मोठी आग शिकवत होते, १६६६ ची, पुडिंग लेनमधल्या बेकरीत लागलेली. आगीच्या आदल्या वर्षीचा प्लेग त्याच धड्याला चिकटून येतो, आणि त्यावरून मी तिला ईमची गोष्ट सांगितली. डर्बीशरमधलं छोटं गाव. लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाबरोबर प्लेग आला, असं सांगतात. १६६६ मध्ये गावाच्या पाद्र्याने, विल्यम मॉम्पेसनने, लोकांना पटवलं की आपण गावाबाहेर जायचं नाही, म्हणजे आसपासची गावं वाचतील. शेजारची गावं सीमेवरच्या दगडापाशी धान्य ठेवायची. ईमकर दगडातल्या भोकांत व्हिनेगर घालून त्यात पैसे ठेवायचे. गावातली माणसं मोठ्या संख्येने गेली. मॉम्पेसनची बायकोही गेली.

ही गोष्ट सांगताना मला पुण्याचा १८९७ चा प्लेग आठवत होता. तिथेही विलगीकरणच होतं, पण ते गोऱ्या सैनिकांनी घरात घुसून केलेलं, आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. ज्या साथरोग कायद्याचा २०२० मध्ये भारतातल्या राज्यांनी आधार घेतला तो कायदाही त्याच वर्षीचा, इंग्रजांनीच केलेला. रोग तोच, दार बंद करणंही तेच, पण ते आपण आतून लावलं की दुसऱ्याने बाहेरून, यावर सगळं ठरतं. मनूचं दार कुणी लावलं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

मनूने गोष्टीतलं तिला हवं ते घेतलं. दुसऱ्या दिवशी दाराच्या पायरीवर वाडग्यात व्हिनेगर ठेवलेलं होतं, आणि कुंपणापलीकडच्या आजींना, ज्यांच्याशी आमचं पाच वर्षांत 'लव्हली डे' पलीकडे बोलणं नव्हतं, ओरडून सूचना देण्यात आली होती की सामान इथे ठेवा आणि पैसे व्हिनेगरमधून घ्या. आजींनी खरंच कस्टर्ड क्रीम बिस्किटांचा पुडा आणून ठेवला. वाडग्यातून पन्नास पेनीचं नाणं चिमटीने उचललं, नाकाशी धरलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, त्यांच्या आजीच्या काळी याहून चांगलं व्हिनेगर मिळायचं. पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या बागेतलं गवत कापून देत होतो. हे मी कुठल्या मोठ्या गोष्टीचा पुरावा म्हणून सांगत नाही. बिस्किटं चांगली होती.

आईला फोनवर एकदा मी जरा रडगाणं लावलं होतं, पोरगी कंटाळलीय, काम होत नाही वगैरे. ती ऐकून घेऊन म्हणाली, "अरे, दोन आठवड्यांचं काय घेऊन बसलास? इथं पोरं मार्चपासनं घरात हायत." खरंच होतं. माझी भाची आठ महिने शाळेचं तोंड न पाहता एका मोबाईलवर पाचवी करत होती, तोही तिचे बाबा कामावरून आल्यावर मिळायचा. महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग उघडायचं ठरलं तेच २३ नोव्हेंबरला, आणि तेही सगळीकडे उघडले नाहीत. त्यानंतर मी आईकडे तक्रार केली नाही. भाचीला मात्र मनूने व्हिडिओवर दवाखाना दाखवला. पाचवीतल्या त्या मुलीने ज्ञ ची केस पाच मिनिटांत निकालात काढली: "तो जन्मतःच तसा आहे."

योगायोगाने त्याच २३ तारखेला मनूचा बबल परत गेला. थोड्याच आठवड्यांत चौदाचे दहा दिवस झाले, आणि जानेवारीत शाळा एक दिवस उघडून अख्ख्या देशातच पुन्हा बंद झाल्या, पण ते पुढचं. फाटकाशी दोन मीटरच्या खुणेवर उभं राहून बाईंनी मला विचारलं, मनू सगळ्यांना किल्ल्याबद्दल सांगत असते, तर तुम्ही एकदा वर्गाला दाखवाल का? पालकांना आत घेत नव्हते, तेव्हा व्हिडिओवर. मी हो म्हटलं, अर्थातच 'ॲब्सोल्यूटली' म्हणून.

मी लॅपटॉप बागेत नेला. पावसाने किल्ला अर्धा बसला होता, अळीव पिवळे पडले होते, पण बुरूज ओळखू येत होते. पडद्यावर वर्ग दिसत होता, कोट घातलेली पोरं, आणि तिसऱ्या रांगेत मनू, भुवया जरा वर, ओठ मिटलेले. मी दोन मिनिटांत महाराज, मावळे, डोंगर सगळं उरकलं. मग प्रश्न. पहिल्याच मुलाने विचारलं, किल्ल्यात टॉयलेट होतं का?

"दॅट्स अ ग्रेट क्वेश्चन," मी म्हटलं, आणि आधी नाकातून, मग तोंडातून हसलो.

तिसऱ्या रांगेत मनूने कपाळावर हात मारला. मग तिने तो हात वर केला, कोपर टेबलावर टेकवलं, दुसऱ्या हाताचा आधार दिला, आणि बाईंनी नाव घेतल्यावर म्हणाली, "माय डॅड इज डुइंग हिज ऑफिस व्हॉइस." माइट बी वगैरे काही नाही. अख्खा वर्ग हसला, बाई मास्कच्या आत हसल्या, आणि मी घसा खाकरून, शक्य तितक्या घरच्या आवाजात, रायगडावर दगडी शौचकूप आहेत हे सांगितलं. पुढचे सगळे प्रश्न त्याच्यावरच आले.